'फास्टी'वरून उपवास? काहीही हं!

फॅमिली ग्रुपवर परत तेच फॉरवर्ड आलंय: "रोमन 'फास्टी' म्हणजे शुभ-अशुभ दिवसांचं पंचांग, त्यावरूनच इंग्रजीत 'फास्ट' म्हणजे उपवास आला, आणि रोम बुडाल्यावर शब्दही मेला." तीन दावे, तिन्ही गंडलेत.

उपवासाचं पटकन मिटवू. 'फास्ट' जर्मॅनिक घराण्यातला, मूळ अर्थ घट्ट धरणं. 'फास्टी' लॅटिन 'फास'वरून, म्हणजे देवाधर्माला चालतं ते. नुसता उच्चार जुळला म्हणून नातं लावायचं तर आपला गळ्यातला फासही रोमन म्हणा.

शुभ-अशुभाचं जरा नीट बघा. फास्टी म्हणजे रोमन लोकांचं भिंतीवरचं कॅलेंडर, त्यात रोजची एक ओळ, आधी ए ते एच यातलं एक अक्षर (बाजाराचं चक्र आठ दिवसांचं, म्हणून आठ अक्षरं) आणि मग दिवसाची खूण. एफ असेल तर प्रीटरपुढे, म्हणजे रोमन न्यायाधिकाऱ्यापुढे, दावा चालणार, एन असेल तर नाही, सी असेल तर लोकांची सभा भरवता येणार, म्हणजे मुहूर्त वगैरे कमी आणि कोर्टाच्या सुट्ट्यांची यादीच जास्त! अशुभ दिवस होते, पण त्यांना 'काळे दिवस' म्हणायचे, आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच दिवसांपुढे एफच आहे. ही यादी आधी पुरोहितांच्या हातात, कोर्ट कधी उघडं ते त्यांनाच विचारा, इ.स.पू. 304 मध्ये नेयस फ्लेवियस नावाच्या कारकुनाने, तोही मुक्त झालेल्या गुलामाचा मुलगा, ती पांढऱ्या फळ्यावर लिहून फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, सरळ लावूनच टाकली.

आता 'शब्द मेला'. रोमन लोक वर्षाला कॉन्सलांची, म्हणजे त्या वर्षीच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांची, नावं द्यायचे, त्यामुळे कॉन्सलांच्या यादीलाही फास्टीच म्हणत, आणि पुढे टिकला तो हाच अर्थ. 1716 मध्ये जॉन ल नेव्हने इंग्लंडच्या कॅथेड्रलांमधल्या (बिशपांच्या मुख्य चर्चांमधल्या) पदाधिकाऱ्यांची यादी 'फास्टी' नावानेच छापली, लंडनमध्ये ती नव्याने करायचं काम विसाव्या शतकात सुरू झालं. स्कॉटलंडमध्ये ह्यू स्कॉट या पाद्र्याने अशाच 'फास्टी'त रिफॉर्मेशनपासूनचे (सोळाव्या शतकातल्या चर्च-सुधारणेपासूनचे) सगळे पाद्री गोळा केले, जन्म कधी, शिक्षण कुठे, बायको कोण, पोरं किती, सगळं. घराण्याचा शोध घेणारे लोक अजून तीच पानं चाळतात.

आणि 'फास्टी ऑनलाइन' तर चक्क वेबसाइट आहे, 2000 पासूनच्या उत्खननांची नोंद ठेवणारी, नकाशावर साइट निवडायची आणि कुठल्या सीझनला काय सापडलं ते वाचायचं. चालवणारी संस्था कुठली? रोममधलीच.