खुलासा : ती कमान दगडाची नव्हे, कागदाची

'सम्राट पहिल्या मॅक्झिमिलियनने बांधलेल्या दगडी कमानीचं ड्यूररने काढलेलं चित्र' म्हणून एक फोटो सध्या फिरतोय. (मॅक्झिमिलियन म्हणजे सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचा पवित्र रोमन सम्राट आणि ड्यूरर म्हणजे त्याच काळातला जर्मन चित्रकार.) ही माहिती चुकीची आहे. अशी कमान कधी बांधलीच गेली नाही. हे 195 लाकडी ठशांवरून 36 कागदांवर छापून जोडलेलं, सुमारे साडेतीन मीटर उंचीचं चित्र आहे.

मधल्या दरवाजाच्या वर नीट बघा. सम्राटाच्या वंशवृक्षाच्या बुंध्याशी तीन स्त्रिया दिसतील. त्या तीन ठिकाणांची मानवी रूपं आहेत : ट्रॉय (ग्रीक कथांमधलं नगर), सिकॅम्ब्रिया (दंतकथेतली भूमी), फ्रान्सिया (फ्रँक लोकांचा देश). शेंड्यावर सिंहासनावर बसलेला मॅक्झिमिलियन. ट्रॉयशी जोडलेलं हे नातं इतिहास नव्हे, सत्तेला वजन यावं म्हणून रचलेली वंशावळ.

हे एकट्या ड्यूररचं कामही नाही. आल्टडॉर्फर, स्प्रिंगिंकले या चित्रकारांचाही हात त्यात आहे. आणि हिएरोनिमस आंद्रेएचं नाव तर कुणी घेतच नाही. या बारीक रेघा लाकडात कोरल्या त्याच्या कार्यशाळेने.