कोर बॉलला ओढत नाही

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टेनपिन बोलिंगच्या बॉलबद्दल एक मेसेज फिरतोय: "बॉल किती वळणार हे फक्त आतला कोर ठरवतो. कोर जितका वेडावाकडा, तितका हुक जास्त. वरचं आवरण रंगापुरतं." कोर म्हणजे बॉलच्या आतला जड गाभा आणि हुक म्हणजे बॉलचं वळण. तो मेसेज वाचून दोघं-तिघं साठवलेल्या पैशांतून असममित, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखा नसलेल्या कोरचा बॉल मागवायला निघालेत, म्हणून हे लिहितोय.

आवरण रंगापुरतं? १९७३ साली अमेरिकेत डॉन मॅकक्यून यांनी पॉलिस्टरचा बॉल रसायनात भिजवून त्याचं आवरण मऊ केलं. आतल्या भागाला हातही लावला नव्हता. तरी बॉल असा वळू लागला की त्या वर्षीचे सर्वोत्तम व्यावसायिक खेळाडू तेच ठरले. पुढे आवरण किमान किती कडक हवं, याचा नियमच आला.

कोर बॉलला ओढतो, हेही खरं नाही. बॉल ज्या रेषेमागून सोडतात त्या फाउल लाइनपासून पहिली पिन ६० फुटांवर, आणि त्यातल्या साधारण ४० फुटांवर तेल. तेलावर कुठलाही बॉल घसरतोच. वळतो तो पुढे, कोरड्या भागात आवरणाला पकड मिळाली की. कोरचं काम निराळं आहे आणि मला तेच जास्त सुंदर वाटतं. कोरमुळे बॉल लेनवर फिरताना त्याचा अक्ष सरकत जातो आणि प्रत्येक फेरीत आवरणाचा नवा, तेल न लागलेला पट्टा लेनला टेकतो. बॉल परत आला की नीट बघा, त्यावर तेलाच्या रेषा पंख्यासारख्या पसरलेल्या दिसतात. म्हणजे कोर कोरडं आवरण पुरवतो. ते आवरणच गुळगुळीत प्लॅस्टिकचं असेल, तर त्या पुरवठ्याचा उपयोग थोडाच.

शिवाय कोरचं वजन मध्याशी एकवटलेलं असेल तर बॉल लवकर गडगडू लागतो, कडेकडे असेल तर उशिरा.

आता असममित कोर. वेगवेगळ्या अक्षांभोवती वजन किती लांब पसरलंय यातल्या ज्या फरकावर अक्ष किती सरकेल हे ठरतं, त्याची कमाल मर्यादा ०.०६० इंच आहे, सममित असो वा असममित. असममित कोरने वळण जास्त झटक्यात येऊ शकतं; जास्त येईलच असं नाही.

आणि बोटांची भोकं? ती पाडताना कोरची पिन, म्हणजे कोरचं टोक दाखवणारा बॉलवरचा ठिपका, तुमच्या फिरकीच्या अक्षापासून ३⅜ इंचांवर ठेवली तर तेलाच्या रेषा सगळ्यात जास्त पसरतात, ६¾ इंचांवर ठेवली तर जवळजवळ नाहीतच. तोच बॉल, तोच कोर.

पैसे देण्याआधी विचारा: आवरण कुठलं, आणि हाताचं माप घेऊन भोकं पाडणार कोण?