‘हातात मोबाईल आहे, मग गरीब कसला?’

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. म्हणणं असं: माणसाला जगायला अन्न, वस्त्र, निवारा पुरे, ज्याच्या हातात मोबाईल तो गरीब नाही, आणि गरिबाला पैसे दिले तर तो दारूत उडवतो. तिन्ही दावे चुकीचे आहेत.

आधी अन्न-वस्त्र-निवाऱ्याचं बघू. हा हिशेब एकाने खरोखरच मांडून पाहिला होता. गरिबीचा अभ्यास करणारे सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात घरोघरी पाहणी करवली आणि शरीर जेमतेम धडधाकट राहील एवढ्याच खर्चाची रेषा आखली. त्या रेषेवर जगायचं म्हणजे काय, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. बसने जायचं नाही, वर्तमानपत्र घ्यायचं नाही, परगावी असलेल्या मुलांना पत्रसुद्धा पाठवायचं नाही, कारण टपालखर्च झेपत नाही. आणि कमावत्याने एकही दिवस कामाला दांडी मारायची नाही. असं कुणाला जगता येत नाही. पुढे १९३६ च्या पाहणीत खुद्द राउंट्रींनीच रेषा वर नेली आणि वर्तमानपत्र, रेडिओ यांचा खर्चही गरजांत धरला.

मला त्यातली दांडीची अट सगळ्यात भयंकर वाटते. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला ताप आला, तर दवाखान्यात जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणार, वर डॉक्टरची फी आणि औषधं. म्हणून ती दुखणं अंगावर काढते. ताप बळावतो, मग आठवडाभर खाडा, उसनवारी, आणि उसने फेडताना घरातल्या सगळ्यांच्याच जेवणाला कात्री. ताप येण्याआधी मेसेजच्या हिशेबात हे घर गरीब नव्हतंच. जेवण होतं, कपडे होते, डोक्यावर छप्पर होतं. गाठीला मात्र काही नव्हतं, आणि एका तापाने घर कोलमडावं हीच तर गरिबी.

मोबाईलचं म्हणाल, तर उद्या काम आहे की नाही हा निरोप फोनवर येतो. मजुरी खात्यात येते तीही फोनवर कळते, अर्जाचा ओटीपीही त्यावरच. तो विकला तर काही दिवस भागेल, पण मग कामाला बोलावणार कोण, कसं? ज्या वस्तूवाचून साध्या मजुरालाही चारचौघांत जायची लाज वाटेल ती गरजेचीच, हे अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच सांगितलंय. त्याचं उदाहरण लिननच्या सदऱ्याचं होतं.

राहिली दारू. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी २०१४ मध्ये रोख मदतीवरचे १९ अभ्यास एकत्र तपासले. दारू-तंबाखूवरचा खर्च जवळजवळ कुठेच वाढलेला आढळला नाही, काही ठिकाणी तो घटला. दारूपायी धुळीला मिळालेली घरं आहेत, ते कुणीच नाकारत नाही. पण तेवढ्यावरून सरसकट सगळ्यांची मदत रोखली, तर त्या घरांतल्या मुलांचं औषध आणि शाळेची फीही आपणच रोखतो.