किती मासे सोडले याचा आकडा नको, कसे वाढवले ते सांगा
टाकीत वाढवलेले मासे नदीत सोडण्यावर आलेल्या लेखात किती लाख बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडली याचा हिशेब आहे, पण ती टाकीत कशी वाढवली यावर एक ओळही नाही. खरी मेख तिथेच आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या हूड नदीतल्या स्टीलहेड (समुद्रात जाऊन नदीत परतणारा ट्राउट) माशांची वंशावळ डीएनएवरून लावली, तेव्हा बंदिस्त वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीतली प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली दिसली. हा २००७ चा अभ्यास. टाकीत निवडच उलटी होते: वरून पडणाऱ्या गोळी-खाद्यावर धिटाईने झेपावणारं पिल्लू तिथे तगतं, नदीत तेच आधी बगळ्याच्या तोंडी जातं.

शरीरही बदलतं. भराभर वाढवलेल्या सॅमनच्या कानातला खडा अनेकदा ॲरागोनाइटऐवजी व्हॅटेराइटचा (दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचेच, पण वेगळ्या स्फटिकांचे) बनतो, मग ऐकू कमी येतं.

उपाय महागडे नाहीत. टाकीत नुसते गोटे ठेवले तरी स्टीलहेडच्या पिल्लांचा लहान मेंदू (मेंदूचा हालचाली सांभाळणारा मागचा भाग) जास्त वाढलेला आढळला! म्हणून गोटे, आडोसा आणि वाहतं पाणी द्या, खाद्य पाण्याखालून सोडा, सोडण्याआधी जिवंत खाद्याची सवय लावा. आणि प्रजनक मासे नदीतूनच आणा. टाकीत वाढलेल्यांचीच पुढची पिढी काढत बसू नका.