खारी हवा, मेलेली पट्टी आणि दरवर्षीचा मेसेज

गणपती जवळ आले की आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज न चुकता येतो. यंदाही आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोकणात कीबोर्ड घेऊ नका. खाऱ्या हवेने आतलं सर्किट एका पावसाळ्यात खलास होतं, सूर उतरतात, आणि एक पट्टी मेली म्हणजे मदरबोर्ड गेला समजा. घेतलाच असेल तर पट्ट्यांच्या फटीत डब्ल्यूडी-४० हा गंजावरचा स्प्रे मारा, पावसाळाभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून सोबत तांदळाची पुरचुंडी ठेवा, अडॅप्टर बिघडला तर कुठलाही १२ व्होल्टचा लावा. शेवटी ठसक्यात: भजनाला पेटीच खरी, कीबोर्ड आपला नव्हे.

मी देवगडच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी राहतो. माझ्या कीबोर्डाने नऊ पावसाळे काढलेत. आजूबाजूच्या वाड्यांतले बंद पडलेले कीबोर्डही माझ्याकडे येतात. शिक्षण त्यातलं नाही, पण स्क्रूड्रायव्हर फिरवून फिरवून थोडं कळायला लागलंय.

खाऱ्या हवेचं पूर्ण खोटं नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते त्यामुळेच. तसाच मिठाचा थर कीबोर्डाच्या धातूवर बसला की गंज येतो. पण येतो कुठे? स्क्रूंना, स्प्रिंगांना, अडॅप्टरच्या आणि हेडफोनच्या सॉकेटला. सर्किटच्या हिरव्या पाटीवर लाखेसारखा थर असतो, ती एवढ्यात हार मानत नाही. दिवे लागतात पण स्पीकर मुका, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी हेडफोनची पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करायला सांगतो. पिन आत गेली की स्पीकर बंद करणारी एक पत्ती तिथे असते, ती गंजून तशीच अडकते. कितीतरी ‘गेलेले’ कीबोर्ड एवढ्यावर बोलायला लागलेत. आणि पेटी काय खाऱ्या हवेला अपवाद आहे? पितळी रीड, म्हणजे थरथरून सूर देणाऱ्या पात्या, हिरव्या पडतात, लाकडी पट्ट्या फुगून रुततात, भात्याला बुरशी येते.

सूर उतरतात म्हणणाऱ्याशी मात्र मी भांडणारच. कीबोर्डातला सूर तारेचा नाही, रीडचाही नाही. तो चिपमध्ये आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो आणि क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या ठोक्यावर वाजतो. दमट हवेने तो तुमच्या कानाला कळेल इतका हलत नाही. मग बेसूर का वाटतो? बहुतेक वेळा कुणा पोराने ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळे सूर पट्टी-पट्टीने वर-खाली सरकवायचं, बटण दाबून ठेवलेलं असतं. बुवा काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) धरतात आणि कीबोर्ड पांढरी दोन वाजवतो.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. कीबोर्ड कारखान्यातून ४४० हर्ट्झला लावून येतो, म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांची. गावातल्या जुन्या पेट्या या आकड्याला बांधील नसतात. गेल्या वर्षी सरावाला आमच्या पेटीशी कीबोर्ड जुळेना आणि सगळे समुद्राकडे बोट दाखवायला लागले. मी पेटीवाल्यांना पांढरी सहा धरून ठेवायला सांगितली आणि कीबोर्डावर तीच दाबली. दोन सूर एकमेकांवर आपटून वांव-वांव-वांव अशी लाट उठली, सेकंदाला साधारण चार. म्हणजे दोघांत चार हर्ट्झचं अंतर. वर की खाली हे लाटेवरून कळत नाही, म्हणून ट्यूनिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन एकेक पायरी चढवत गेलो. लाट मंदावली, ४४४ ला थांबली. पखवाजवाले म्हणाले, “आता बसलो बघ.” हे सेटिंग ट्रान्सपोजपेक्षा वेगळं: ट्रान्सपोज सूर अख्ख्या पट्टीने सरकवतं, ट्यूनिंग दोन पट्ट्यांच्या मधली फट भरतं. पेटीला हे करायचं तर रीड घासावी लागते.

आता मेलेली पट्टी. “ह्येचो मदरबोर्ड गेलो” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर उत्तरही देत नाही, सरळ खालचे स्क्रू काढतो. पट्ट्यांखाली रबराची लांब फीत असते. तिच्यात प्रत्येक पट्टीला एक फुगवटा आणि त्याच्या पोटात कार्बनचे काळे ठिपके. पट्टी दाबली की ठिपका खालच्या पाटीवरच्या काळ्या रेघांना टेकतो आणि सूर वाजतो. हलक्या-जोरकस बोटाचा फरक ओळखणाऱ्या कीबोर्डात ठिपके दोन असतात: एक आधी टेकतो, दुसरा किंचित नंतर. मधला वेळ जितका कमी, तितका आवाज मोठा. या ठिपक्यांवर धूळ-मेणचट बसलं की पट्टी मुकी होते, किंवा हळू दाबूनही एकदम खेकसते. खेकसणारी पट्टी दिसली तर खुशाल समजा, बोर्ड ठणठणीत आहे, घाण आहे.

इलाज: फीत अलगद उचलायची, ओढायची नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने ठिपके आणि रेघा हलक्या हाताने पुसायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या, फीत तिच्या भोकांत नीट बसवायची. खरवडायचं नाही, कार्बनच निघून जातो. दर आठव्या पट्टीला एक अशी ओळीने मुकी असतील तर मात्र दोष ठिपक्यात नसतो. पट्ट्या गटागटाने वाचल्या जातात, त्यातल्या एका वाटेची रिबन केबल, म्हणजे चपटी वायर, सैल असते. तेव्हा आधी केबल काढून परत घट्ट बसवून बघा.

डब्ल्यूडी-४० या ठिकाणी नकोच. नावातले डब्ल्यू आणि डी पाणी हटवण्याचे आहेत हे खरं, गंजलेल्या बिजागरीला ते उत्तम. पण मागे तेल उरतं. ते कार्बनवर बसलं की धूळ धरून ठेवतं, आणि बरी असलेली शेजारची पट्टीही आठवड्याभरात आजारी पडते.

प्लास्टिक आणि तांदूळ यांना दोन ओळी पुरेत. प्लास्टिक दमट हवा आतच कोंडतं. पहिल्या वर्षी मी तसं बांधलं होतं, श्रावणात सोडलं तर आतून थेंब लागलेले. सुती चादर घाला, रोज अर्धा तास वाजवा. तांदूळ भाताला ठेवा. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या केसमध्ये चालतात, आणि तापवून पुन्हा वापरता येतात, स्वयंपाकाच्या भांड्यात मात्र नको. सेल घालून ठेवले असतील तर काढा, ते पाझरतात.

अडॅप्टरचा सल्ला या सगळ्यात घातक. यामाहाच्या घरगुती कीबोर्डांना बहुधा १२ व्होल्ट लागतात, कॅसिओच्या बऱ्याच मॉडेलांना साडेनऊ. काही जुन्या कॅसिओंना ९, आणि वर त्यांच्या पिनेचं मधलं टोक ऋण असतं. तिथे सेटटॉप बॉक्सचा १२ व्होल्टवाला लावला तर काय होईल ते सांगायला नको. व्होल्ट तेच हवेत, धन-ऋणाचं चिन्ह तेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. अँपिअर कमी पडले तर आवाज वाढवला की कीबोर्ड बंद होऊन परत चालू होतो. वाजवत नसताना अर्ध्या तासाने गुपचूप बंद होतो तो वेगळा प्रकार, ती वीज वाचवायची सोय आहे. मॅन्युअलमध्ये ती बंद करायची युक्ती दिलेली असते.

राहिलं ‘आपला नव्हे’. पेटी पॅरिसची. देबें नावाच्या कारागिराने १८४२ साली तिचं पेटंट घेतलं, आणि आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिला आपल्या दारात उभं केलं नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पेटीत निघत नाही, बऱ्याच कीबोर्डांवर निदान सूर वाकवणारं पिच बेंडचं चाक तरी असतं. कीबोर्डावरची पेटी खोटी वाटते, कारण आपण ती पियानोसारखी वाजवतो. टच बंद करा, पेटीला बोटाचा जोर कळत नसतो. रिव्हर्ब (घुमारा) कमी करा, सूर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलवरचा पाय उचला. फरक लगेच कळेल.

मेसेजात एका शत्रूचं नावच नाही. गेल्या महिन्यात वरच्या वाडीतून एक कीबोर्ड आला, डाव्या बाजूच्या चार पट्ट्या दाबल्याच जात नव्हत्या. घरचे नवा घ्यायच्या बेतात होते. उघडला तर पट्ट्यांखाली पालीची दोन अंडी आणि कुंभारीण माशीने लिंपलेलं मातीचं घर. ब्रश आणि दहा मिनिटं.