उंची नंतर, आधी टायर आणि गियर

स्पष्टच बोलतो. लातूर, बीड, छत्रपती संभाजीनगरात अलीकडे ज्या उंच केलेल्या गाड्या दिसायला लागल्यात, त्यातल्या बहुतेकांचं काम उलट्या क्रमानं झालंय. आधी लिफ्ट किट (गाडीची बॉडी वर उचलणारं सामान), मग भलेमोठे टायर, आणि गियरचा विचार कधीच नाही. पैसा जातो, गाडी पहिल्यापेक्षा जड चालते आणि चिखलात अडकायची ती अडकतेच. हौसेला माझा विरोध नाही. फोर बाय फोरवर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीवर, माझा जीव आहे, शेतावर रोजची ये-जा तीतूनच असते, म्हणून हे इतकं लांब लिहितोय.

आपली गाडी नेमकी कुठं अडकते, ते एकदा खाली वाकून बघा. पांदणीत दोन्ही बाजूची चाकं चाकोरीत उतरतात, मध्ये उंचवटा राहतो आणि त्या उंचवट्यावर मागच्या एक्सलचं हाऊसिंग घासत जातं, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचा तो गोळा. सगळ्यात आधी टेकतो तो तोच. आता स्प्रिंगवर दोन इंचाचा स्पेसर घाला नाहीतर कमानपाटे बदला, त्यानं चासी आणि बॉडी वर जाते. हाऊसिंग होतं तिथंच राहतं, कारण ते चाकाच्या आधारावर आहे, स्प्रिंगच्या नाही. आमच्याकडच्या एका जुन्या मिस्त्रीनं गिऱ्हाइकाला माझ्यासमोर सांगितलं होतं, "दादा, उंची वाढवून देतो, पर खालचा गोळा हाय तिथंच राहणार बघा. त्याला उचलायचं असल तर टायरच मोठं पाहिजे." गिऱ्हाइकाला ते रुचलं नाही, पण मिस्त्री शंभर टक्के बरोबर होता.

लिफ्टचा उपयोग आहे, नाही असं नाही. पुढचा बंपर बांधावर आदळत नाही, पोट टेकत नाही, मोठ्या टायरला जागा होते. पण जागा होते म्हणून टायर किती मोठा घालायचा, याचा हिशोब कागदावर करा. 2020 साली आलेल्या थारच्या 16 इंची चाकाचा मूळ टायर 245/75 आर 16, म्हणजे रुंदी 245 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 75 टक्के आणि रिम 16 इंची. त्याचा व्यास 774 मिलिमीटर भरतो. लोकांना आवडतो तो 285/75 आर 16, त्याचा 834. फरक 60 मिलिमीटर. त्यातला निम्माच हाऊसिंगखाली मिळणार, म्हणजे 30, जेमतेम सव्वा इंच. या सव्वा इंचासाठी गाडीचा गियर, ब्रेक, स्पीडोमीटर, स्टिअरिंग सगळं बिघडवून घ्यायचं का, हा खरा प्रश्न आहे. त्याऐवजी 265/75 घेतला तर व्यास 804, हाऊसिंग 15 मिलिमीटर वर आणि गियरवरचा भार चार टक्क्यांच्या आतच. स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून, एक चाक दगडावर चढवून कुठं घासतं का बघा. नसेल घासत तर नव्वद टक्के लोकांनी इथंच थांबावं असं माझं ठाम मत आहे.

रुंदीबद्दलही बोललं पाहिजे. परदेशातल्या व्हिडिओत रुंद टायर वाळूवर, खडकावर मस्त चालताना दिसतात. आपलं काम काळ्या मातीशी आहे. बेसाल्टपासून झालेली ही जमीन पाणी प्याली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की टायरला अशी चिकटते की पाच-पंचवीस पावलांत खाचा बुजून टायर गुळगुळीत होतो. मग मडगार्डच्या आत साचायला लागते. रेणापूरकडच्या एका पांदणीत मी कुदळीच्या टोकानं खरवडून काढली होती. शॉकअपपर्यंत गच्च बसलेली, तुरीची धसकटं आणि सोयाबीनचं काड मळून तिचा असा लगदा झालेला की चाक फिरायलाच तयार नव्हतं. मडगार्ड भरून टाकणारा रुंद टायर असेल तर त्या मातीला बाहेर पडायला वाटच उरत नाही. शिवाय रुंद टायर वरच्या निसरड्या थरावर तरंगतो. अरुंद टायर तो थर कापून खालच्या मुरमाला लागतो आणि तिथं त्याला पकड मिळते. जिथं खाली मुरूम लागतच नाही तिथं कुठलाच टायर वाचवत नाही, तिथं गाडी घालायचीच नाही. गोदावरीच्या पात्रातली वाळू असेल तर मात्र रुंद टायर खरंच कामाला येतो.

आपल्या जुन्या जीपचं उदाहरण घ्या. महिंद्राची ती सीजे-3बी. टायर 6.00-16, बैलगाडीच्या चाकासारखे उंच आणि अरुंद. इंजिन पाऊणशे हॉर्सपॉवरच्या आतबाहेरचं. आणि एक्सलचा रेशो 5.38. म्हणजे टॉप गियरमध्येसुद्धा इंजिन पाच वेळा आणि वर थोडं फिरणार तेव्हा चाक एकदा फिरणार. ताकद कमी होती, पण चाकापर्यंत पोहोचेतो ती दांडगी होत होती. रस्त्यावर वेग नव्हता, पण चिखलातून, नदीतून, भरल्या माणसांनिशी ती निघायची. त्या काळच्या इंजिनिअरांनी टायर आणि गियर एकत्र बसवून विचार केला होता. आपण टायर बदलतो आणि गियर विसरतो.

गियरचं गणित अवघड नाही. समजा तुमच्या एक्सलचा रेशो 3.73 आहे. टायरचा व्यास पावणेआठ टक्के वाढवला (285/75 घातला की तेवढाच वाढतो) की तो परिणामी 3.46 होतो. काही न करता सगळे गियर तितके लांब झाले, म्हणजे चाकाला मिळणारा जोर तितका कमी झाला. पहिल्यात गाडी उचलायला क्लच जास्त वेळ अर्धवट दाबून ठेवावा लागतो, वरचा गियर नुसता शोभेला राहतो, आणि लो मध्येसुद्धा (फोर बाय फोरचा हळू, जोराचा गियर) उतारावर गाडी हवी तितकी हळू राहत नाही. हे सगळं मी भाच्याच्या गाडीत बसून अनुभवलंय. चाळीसगावकडून कन्नडला औट्रम घाट चढत होतो, पाच माणसं, मागे सामान. एरवी तिसऱ्यात हसत चढणारी गाडी दुसऱ्यातही दम टाकत होती. वळणावर ट्रॅक्टरमागं थांबून पुन्हा निघताना क्लच जळाल्याचा वास आत आला. तो म्हणाला, "मामा, इंजिनमध्ये काय तरी झालंय." इंजिन ठणठणीत होतं. चाकं त्याच्या आवाक्याबाहेरची होती.

मूळ चाल परत आणायची तर 4.02 च्या आसपासचा रेशो लागतो, म्हणजे बाजारात 4.10 मिळाला तर तो. त्यासाठी एक्सलमधला क्राऊन-पिनियनचा, म्हणजे दातेरी चाकांचा, जोड बदलायचा, आणि तो पुढचा-मागचा दोन्ही. एकाच एक्सलचा बदलून फोर व्हीलमध्ये टाकलं तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरायला बघतात आणि पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचं वाटोळं होतं. हे काम हातोडी-छन्नीचं नाही. शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून दातांमधली फट डायल गेजनं मोजावी लागते, दातांना रंग लावून ठसा कुठं उमटतो ते बघावं लागतं. ठसा दाताच्या टोकाला किंवा मुळाशी आला तर साठच्या पुढं गाडी कुंईं करत राहते आणि काही महिन्यांत दात खाते. तुमचा मिस्त्री हे करणार असेल तर करा. "अंदाजानं बसवतो" म्हणाला तर गाडी तशीच घरी आणा. आणि गियर परवडत नसेल तर टायरही परवडत नाही असं समजा. हे दोन खर्च वेगळे नाहीतच.

लिफ्टबद्दल थोडक्यात. पुढं स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर उंचीबरोबर चाकाला फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्यावरचे रबरी बूट फाटतात, मग जॉइंट वाजायला लागतात. मागच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (जोड) लवकर जातो. ब्रेकचा रबरी पाईप ताणला जातो. एक गोष्ट तर फारसं कुणी सांगतच नाही. काही गाड्यांत मागच्या एक्सलपासून चासीपर्यंत एक दांडी असते, ती वजनानुसार मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवते. गाडी उंच केली की त्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. भरलेली गाडी, ओला रस्ता, समोर म्हैस. दांडी नव्या उंचीला जुळवली का, हे गॅरेजवाल्याला तोंडावर विचारा.

ब्रेकचंही तेच. मोठ्या टायरला थांबवायला त्याच ब्रेकची ताकद सात-आठ टक्के कमी पडते, वर टायरचं वजन वेगळं. स्पीडोमीटर 120 दाखवतो तेव्हा समृद्धीवर तुम्ही खरं तर 129 नं चाललेला असता, आणि तिथली मर्यादाच 120 आहे. उन्हाळ्यात तापलेलं काँक्रीट, उंच गाडी, जाड खाचांचे टायर. जालन्याच्या पुढं अशा गाड्या सुसाट जाताना बघतो तेव्हा खरंच भीती वाटते. 2020 मध्ये थारला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार स्टार मिळाले ते कंपनीतून निघालेल्या गाडीला, आपण गॅरेजमध्ये बनवलेल्या गाडीला नव्हे.

आणि पाणी. सप्टेंबर 2025 मध्ये बीड, धाराशिव, लातूर, नांदेडनं काय पाहिलं ते आपल्याला ठाऊक आहे. ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत असताना "आपली गाडी उंच आहे" म्हणून घालणारे लोक त्या काळातही होते. मोठ्या टायरमध्ये हवा जास्त, म्हणून गाडी तरंगायलाही जास्त मदत. वाहतं पाणी दोन फुटांचं असलं तरी मोठी गाडी उचलून नेतं. पाण्याच्या हिशोबानं काही करायचंच असेल तर एक्सलच्या ब्रीदरची, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या छिद्राची, नळी इंजिनच्या खोलीपर्यंत उंच न्या. तापलेलं हाऊसिंग थंड पाण्यात बुडालं की आत पाणी ओढून घेतं, ऑइल पांढुरकं होतं आणि बेअरिंग जातात. काही शे रुपयांचं काम आहे, दिसत नाही म्हणून कुणी करत नाही. तसंच हवेचं. चिखलात, वाळूत 35 पीएसआयची हवा 20 वर आणली की टायर लांब पसरतो आणि गाडी बदलल्यासारखी चालते. सोबत एक छोटा कंप्रेसर ठेवायचा, डांबरीवर आल्यावर भरून घ्यायची. अडकलेली गाडी ओढायला चासीला पक्का बसवलेला हुक आणि चांगला पट्टा हवाच. एवढ्या खर्चात माझं तर वर्षाचं काम भागतं.

कायद्याचं सांगतो, कारण पोरं विचारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाहीत. अपघात झाला आणि बदल विमा कंपनीला कळवलेले नसले तर दावा अडकू शकतो. माझं मत असं की आंधळी बंदी आणि आंधळी मोकळीक दोन्ही चूक. गियर आणि ब्रेकसकट नीट केलेलं काम तपासून शिक्का मारायची सोय परिवहन कार्यालयात हवी. ती होईपर्यंत कायदा आहे तो आहे, हे धरूनच खर्च करा.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. पावसाळ्यात रील काढायला लोक पांदणीत गाड्या घालतात. जड गाडी, जाड खाचा, इंजिन किंचाळतंय. गाडी निघून जाते आणि मागं गुडघाभर चाकोऱ्या राहतात. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं दुधाच्या कॅन घेऊन मोटारसायकल जायची असते, म्हातारा माणूस बैल घेऊन जायचा असतो, पोरं सायकल ढकलत शाळेला जायची असतात. त्या चाकोऱ्या वाळल्या की दगडासारख्या होतात, मुरूम पडेपर्यंत बुजत नाहीत. वाफसा आल्याशिवाय आपण रानात औत घालत नाही, मग गाडी कशी घालता? आम्ही गावातल्या गाडीवाल्यांनी बसून ठरवलंय की मोठ्या पावसानंतर वाफसा येईतो शेताच्या पांदणीत फोर बाय फोर न्यायची नाही, आजारी माणूस आणायचा असेल तेवढंच सोडून. आणि ज्याच्या गाडीनं चाकोरी पडेल त्यानं मुरमाची ट्रॉली टाकायची. तुमच्या गावात हे बोलून बघा.