दुसरा पाळणा

"आजकालच्या मुलींना मूलच नको असतं. स्वतःच्या सुखापलीकडे काही दिसत नाही." परवा नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी हे मला ऐकवलं. मला एक मुलगा आहे, दोन मुलं हवी होती. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलेय. लांबलंय, सवडीने वाचा.

दक्षिण कोरियात २०२३ साली एका बाईमागे सरासरी ०.७२ मूल होतं. लोकसंख्या आहे तेवढी टिकायची तर २.१ लागतात. शंभर जोडपी घ्या, म्हणजे दोनशे माणसं. या दराने त्यांना ७२ मुलं होणार आणि हाच दर राहिला तर नातवंडं जेमतेम पंचवीस-सव्वीस. दोनशे माणसांमागे पंचवीस-सव्वीस नातवंडं! इटली आणि जपान १.२च्या आसपास आहेत. आणि हे सगळे खाऊनपिऊन सुखी देश.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, महागाई आहे, सरकारने सोयी द्याव्यात. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग फिनलंडबद्दल वाचलं. तिथे १९३८पासून सरकार बाळंतिणीला कपडे, दुपटी, गादी असं सगळं भरलेली एक पेटी देतं. सुरुवातीला गरजूंना, १९४९पासून सगळ्यांना. कित्येक बाळं पहिले काही महिने त्या पुठ्ठ्याच्या पेटीतच झोपायची. पगारी रजा आहे, चांगली पाळणाघरं आहेत, वडीलही रजा घेतात. तिथला दर २०१०मध्ये १.८७ होता, २०२३मध्ये १.२६. सोयी हव्यातच, त्यावर माझं दुमत नाही. पण नुसत्या सोयींनी हे कोडं सुटत नाही.

शाळेत शिकलेली कारणं खरीच आहेत. दोनशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी मोठी होण्याआधीच जायची, म्हणून जास्त मुलं. शेतात हात लागायचे. मूल म्हणजे म्हातारपणाची काठी. मग लसी आल्या, शाळा आल्या, जर्मनीने १८८९मध्ये कायदा करून म्हाताऱ्या कामगारांना पेन्शन दिली आणि काठीची गरज कमी झाली. पुढे गर्भनिरोधक गोळी आली. पण यातून सहाची दोन का झाली ते कळतं. दोनाचं एक का झालं, ते यात नाही. माझा प्रश्न तो आहे, कारण मी त्याच दोन आणि एकच्या मधे अडकलेली बाई आहे.

त्या बाईंना मी विचारलं, "तुम्ही पाच मुलं कशी वाढवलीत हो?" त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, "वाढवली कुठे गं. वाढली."

वाढली! थोरलीने धाकट्याला कडेवर घेतलं, आजीने न्हाऊ घातलं, दिवसभर पोरं बाहेर आणि अंधार पडला की घरात. आपल्याकडे मात्र मूल वाढवावं लागतं. अकरा पाश्चात्त्य देशांतल्या दिनक्रमांच्या नोंदींचा एक अभ्यास आहे. १९६५मध्ये आई मुलांसाठी रोज सरासरी ५४ मिनिटं द्यायची, २०१२मध्ये १०४. वडील १६ मिनिटांवरून ५९वर आले. मुलं कमी झाली, यंत्रं घरात आली, बायका नोकरीला लागल्या, आणि तरी मुलांना द्यायचा वेळ जवळजवळ दुप्पट! आणि या १०४ मिनिटांत डोक्यात अखंड चालू असलेलं टाचण धरलेलंच नाही. लस कधीची, बूट लहान झाले का, शाळेतल्या बाईंच्या मेसेजला उत्तर दिलं का.

गेल्या वर्षीची एक रात्र सांगते. पावणेदहा वाजलेत, उद्या शाळेत सूर्यमाला न्यायची आहे, शनीची कडी चिकटत नाहीये. माझी मीटिंग चालू आहे, माइक बंद, एका हाताने कडी धरलीये. पलीकडून माझं नाव घेतलं गेलं, मी हात काढला, कडी पडली आणि मुलगा रडायला लागला. त्या रात्री मनात आलं की अशी दोन मुलं असती तर? खर्चाचा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. तिसरा हात कुठून आणू, एवढंच वाटलं.

गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञाने १९६०मध्येच मांडलं होतं की उत्पन्न वाढलं की आईबाप मुलांची संख्या वाढवण्यापेक्षा एकेका मुलावरचा खर्च जास्त वाढवतात. शिवाय आईचा तास जितका मोलाचा, तितकं मूल महाग. हिशोब बरोबर आहे. फक्त त्यात ती भीती बसत नाही, की आपण कुठे कमी पडलो तर हे पोर मागे राहील आणि दोष आपला असेल. श्रीमंत समाजात शिडी उंच असते, म्हणून पडायची भीतीही मोठी असते.

आणि हा तास बहुतेक वेळा आईचाच असतो. २०२३मध्ये क्लॉडिया गोल्डिन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. स्त्रीपुरुषांच्या कमाईतली दरी आता मुख्यतः पहिल्या मुलापासून सुरू होते, हे त्यांनी दाखवलं. डेन्मार्कसारख्या देशातही आई झाल्यावर बाईची कमाई वडिलांच्या तुलनेत दीर्घकाळात सुमारे २० टक्क्यांनी मागे राहते. मी रजेवरून परत गेले तेव्हा माझं काम दुसऱ्याकडे गेलं होतं. कुणी वाईट वागलं नाही, सगळ्यांनी बाळाचे फोटो पाहिले. पण ते काम परत मिळवायला मला चार वर्षं लागली. ती चार वर्षं म्हणजेच आमचं दुसरं मूल.

कारण आम्ही "नको" असं कधी ठरवलंच नाही. आम्ही "अजून नको" म्हणत राहिलो. शिक्षण होऊ दे, घर होऊ दे, जरा स्थिरस्थावर होऊ दे. कोरियात पहिल्या बाळंतपणाचं सरासरी वय ३३वर गेलंय. माझं ३४ होतं. दुसऱ्याचा विचार पक्का झाला तेव्हा चाळिशी आली होती आणि डॉक्टरांनी फार प्रेमाने, पण स्पष्ट सांगितलं. युरोपात लोकांना विचारलं तर बहुतेक जण अजूनही दोनच्या आसपास मुलं हवीत असंच सांगतात. मग त्यांना स्वार्थी कसं म्हणायचं? (ज्यांना मूल नकोच आहे, त्यांचा निर्णय पूर्णपणे त्यांचा. मी त्यांच्याबद्दल लिहीतच नाहीये.)

जबरदस्तीची भाषा करणाऱ्यांनी रोमानिया आठवावा. १९६६मध्ये तिथे गर्भपातावर जवळपास बंदी आली. वर्षभरात जन्म जवळजवळ दुप्पट झाले, मग लोकांनी चोरवाटा काढल्या, दर पुन्हा घसरला आणि पुढच्या दोन दशकांत हजारो बायका लपूनछपून केलेल्या गर्भपातात मेल्या.

मुलगा तीन वर्षांचा झाल्यावर नवऱ्याने त्याचा लाकडी पाळणा सुटा करून कपाटामागे ठेवला होता. सगळे स्क्रू एका पाकिटात घालून ते फळीला चिकटवलं आणि वर लिहिलं, "दुसऱ्या वेळी लागतील." गेल्या महिन्यात तो पाळणा आम्ही एका ओळखीच्या मुलीला दिला, तिला सातवा महिना आहे. जोडून द्यायला नवरा स्वतः गेला. परत आला तेव्हा ते रिकामं पाकीट त्याच्या खिशात घडी घालून ठेवलेलं होतं. मी काही विचारलं नाही.